महारोहिणीचा फुगवटा : शस्त्रक्रियेनंतरही देखरेख हवी

वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांवाटे घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जाते. १९१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील एखाद्या नळाची भिंत पातळ होऊन फुगली, तर आतून दुसरा नळ सरकवून जुन्या भिंतीवरचा दाब काढून घेता येईल. पोटातील महारोहिणीच्या फुगवट्यावर, म्हणजेच ॲन्युरिझमवर, पोट न उघडता होणाऱ्या शस्त्रक्रियेचे तत्त्व हेच आहे.

या रक्तवाहिनीचा व्यास साधारणतः दोन सेंटिमीटर असतो. पुरुषांत तो साडेपाच व स्त्रियांत पाच सेंटिमीटरच्या आसपास गेला की दुरुस्तीचा विचार होतो. १९५५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा मृत्यू असाच फुगवटा फुटून झाला. पुढे १९९० मध्ये ब्वेनोस आयर्सच्या डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतील रोहिणीमार्गे कापडी अस्तराची नळी, स्टेंट ग्राफ्ट, आत बसवून दाखवली.

जखम लहान असली, तरी रक्तप्रवाहाच्या गुंतागुंती संभवतात. नळी टोकांना घट्ट बसली नाही किंवा तिचा सांधा निसटला, तर रक्त पुन्हा फुगवट्यात शिरते. या एन्डोलीकवर तातडीने उपाय करावा लागतो. कमरेकडील लहान शाखांतून उलटे येणारे रक्त अधिक वेळा आढळते. ते पुष्कळदा आपोआप थांबते. मात्र फुगवटा वाढू लागल्यास हस्तक्षेप अटळ ठरतो.

दुसरा धोका प्रवाह अडण्याचा. नळीची शाखा मुडपून गुठळी झाली, तर पाय अचानक थंड, फिकट व वेदनामय होतो. मूत्रपिंडाच्या रोहिणीचे मुख झाकले जाणे, मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा घटणे, भिंतीवरील कण सुटून पायांच्या बोटांत अडकणे, हेही घडू शकते.

म्हणूनच साधारण महिन्याने आणि नंतर दरवर्षी तपासणी आवश्यक असते. आंदर, नाणे वा पवन मावळातील रुग्णाला बरे वाटू लागले की पुण्याची फेरी टाळण्याचा मोह होतो. पण एन्डोलीक बहुधा दुखत नाही, तो तपासणीतच दिसतो.

पोटात वा पाठीत अकस्मात तीव्र वेदना, भोवळ किंवा पाय गार पडणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत द्यावेत. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर आहे, आणि या आजारात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. साठी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्यांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, हे उत्तम.