दुखत नसतानाची तपासणी

आपल्याकडे दवाखान्यात जायला कारण लागते. ताप हवा, कळ हवी, निदान खोकला तरी हवा. धडधाकट माणूस 'सहज दाखवून येतो' म्हणाला, तर घरातली मंडळी त्याच्याकडे संशयाने पाहतात आणि कुणीतरी हमखास विचारते, "उगीच काही निघालं तर?" कर्करोगाच्या बाबतीत तर हे 'निघालं तर' इतके भारी आहे, की अनेक घरांत त्या रोगाचे नावही मोठ्याने घेतले जात नाही.

बँकेतली माझी बरीच नोकरी मराठवाड्यातल्या शाखांत झाली. सोनेतारण कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. तिथे बी-बियाणे, लग्न, शिक्षण यांच्या बरोबरीने 'आजारपण' हा शब्द मी शेकडो वेळा वाचला. एकदा एक बाई पाटल्या घेऊन आली. नवऱ्याच्या गालात गाठ झाली होती, मुंबईला न्यायचे होते. तंबाखूचा विडा ठेवायच्या जागी दोन वर्षांपासून पांढरा चट्टा होता, हेही तिनेच सांगितले. "दुखत नव्हतं ना साहेब. मग दवाखान्यात कशाला जावं माणसानं?" वर्षभराने त्या पाटल्या सोडवायला तिचा भाऊ आला. काय झाले ते मला विचारावे लागले नाही.

'दुखत नव्हतं' या दोन शब्दांतच सारी गोम आहे. काही कर्करोगांना न दुखण्याचा एक लांबलचक काळ असतो आणि उपचार सर्वांत सोपे असतात ते नेमके त्याच काळात. गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी बिघडू लागल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात. तेवढ्यात तो बिघडलेला भाग काढून टाकला, तर कर्करोगच टळतो. तक्रार नसलेल्या माणसांची अशी तपासणी करणे म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'स्क्रीनिंग'; आपल्या भाषेत चाळणी. चाळणीत जे वर राहील, ते रोगच असे नव्हे. ते पुन्हा निवडून पाहायचे, एवढाच तिचा अर्थ.

ही चाळणी उपयोगी पडते का, याचे जगाला मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून गेले आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तिथल्या खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठीच्या गटाला चाचणी दिली गेली नाही, यावर पुढे वादही झाला. पण हे उत्तर ज्वारी काढणाऱ्या, पाणी शेंदणाऱ्या बायकांनी दिले आहे, हे विसरू नये.

महागडी चाचणी नसेल तर? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे साध्या शब्दांत व्हिनेगर, वापरून पाहिले. ते लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच प्रयोगात स्तनांची हाताने तपासणीही झाली. २०२१ साली आलेला वीस वर्षांचा हिशेब सांगतो, की पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात असा फायदा दिसला नाही. तोंडाच्या कर्करोगाचे उत्तर केरळने दिले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात नुसते तोंड उघडून, प्रकाशात नीट पाहिल्याने तंबाखू वा दारूचे व्यसन असणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली दिसले.

मात्र चाळणी फार बारीक झाली, की चांगले दाणेही अडकतात. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. कधीच त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारोंच्या गळ्यावर सुरी फिरली. तेव्हा वाढदिवसाच्या सवलतीत मिळणारे 'सगळ्या शरीराचे पॅकेज' म्हणजे सावधगिरी नव्हे. कोणती चाचणी, कोणाला, किती वर्षांनी, हे ठरलेले असले तरच तिला अर्थ असतो.

आपल्याकडे ते ठरलेले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तीस वर्षांपुढील सर्वांसाठी तोंडाची आणि स्त्रियांसाठी त्याशिवाय स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी, दर पाच वर्षांनी, अशी चौकट आखून दिली. त्यासाठी पंचतारांकित रुग्णालयात जायला नको; सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. असे असूनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या दोघीही भरल्या नाहीत. स्तन आणि तोंडाच्या बाबतीत तर एकही नाही.

यात अज्ञानापेक्षा संकोच मोठा आहे आणि संकोचापेक्षा मोठी आहे सवड. स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे यांतून घरातल्या बाईची पाळी येतच नाही. आणि दुखत नसताना तिने स्वतःसाठी एक सकाळ मागायची, तर कुठल्या तोंडाने? ही सकाळ तिला मागायला लागू नये, एवढे तरी घरातल्या पुरुषांनी पाहावे. जाता जाता स्वतःचे तोंडही दाखवून यावे.

एक मात्र ध्यानात ठेवावे. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर ती चाळणीची वेळ नव्हे. तेव्हा पाच वर्षे मोजत न बसता थेट डॉक्टर गाठावा, मग आधीची तपासणी निर्दोष निघालेली का असेना.

मुदतठेवीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवणारी किती तरी कुटुंबे मी पाहिली आहेत. एक दिवस व्याज बुडू देत नाहीत. त्याच कागदावर आणखी एक तारीख लिहायला जागा पुष्कळ असते.