कापसाचा आठवडा

दिवाळी झाली की खामगावच्या आजूबाजूला कापसाची वेचणी चालू असते. ओसरीवर ढीग असतात आणि आईमागे शेतात जाऊन आलेल्या पोराच्या केसांत रुईचा धागा हमखास सापडतो. अंगणवाडीचा एक आठवडा कसा चालतो हे समजून घ्यायला मग दूरचा विषय कशाला? कापूसच घेऊ.

आठवड्याला एक विषय, ही या वयाच्या शिक्षणाची जुनी रीत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आणला. त्यात वर्षाचे 48 आठवडे धरले आहेत : 4 रुळण्याचे, 36 नवं शिकण्याचे, 8 उजळणीचे. आठवडाही पाच अधिक एक असा. कागदावर हा ताळेबंद वाटतो. सतरंजीवर मात्र त्याचा अर्थ सोपा आहे : एकाच वस्तूकडे पाच दिवस रोज नव्या बाजूने जायचं, सहाव्या दिवशी मागे वळून बघायचं.

सोमवारी मुलं गोल बसतात. मधोमध सूप, सुपात उमललेली बोंडं. ताई विचारते, हे काय? “कापूस!” असा एकच गलका होतो. एखाद्याच्या घरी उर्दू बोलतात, तो “रुई” म्हणतो. छान, एक शब्द वाढला. मग हात लावायचा. मऊ कुठे लागतं, खरखरीत कुठे? बोंडाच्या वाळलेल्या पाकळीचं टोक चांगलंच बोचतं आणि कोणीतरी ओरडतंच, “ताई, मले टोचलं!” इथे “मले नाही, मला म्हण” असं सांगणारी ताई त्या पोराचं तोंड आठवडाभरासाठी बंद करते. जाणती ताई म्हणते, “तुला टोचलं? कुठं टोचलं, दाखव बरं.” प्रमाण मराठी कानावर पडते आणि गप्पाही पुढे चालू राहतात. शिक्षण घरच्या भाषेत असावं, असं 2020 चं राष्ट्रीय धोरण सांगतं. वऱ्हाडात घरची भाषा वऱ्हाडी असते, एवढंच आपण विसरतो.

शेतातली वस्तू वर्गात आणण्याची ही कल्पना आपल्याकडची आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं यांवर त्यांनी भागवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथलं. याच ताराबाईंनी संसाराची काही वर्षं आपल्या वऱ्हाडात, अमरावतीत काढली होती.

मंगळवारी सरकी काढायची. जिनिंगमध्ये हे काम क्षणात होतं. चार वर्षांच्या मुलाला एका बोंडाला दहा मिनिटं पुरत नाहीत. रुई बीला घट्ट धरून असते. ती सोडवायला अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट लागते, दुसऱ्या हाताने बोंड धरून ठेवावं लागतं. पेन्सिल धरायची पकड नेमकी इथे तयार होते. या वयात मनगटाची हाडं पुरती भरलेली नसतात. तरी तिसऱ्या वर्षी पानभर ‘अ’ गिरवून घेणाऱ्या शाळा आहेत आणि त्यांनाच गर्दी आहे. असो. दोन पथ्यं पाळायची : पेरणीच्या पाकिटातलं रंगवलेलं बियाणं औषध लावलेलं असतं, ते वर्गात आणायचंच नाही. आणि सरकी कुणी तोंडात किंवा नाकात घालत नाही ना, यावर मदतनीस ताईंची नजर हवी. शेवटी साबणाने हात धुणं आलंच.

बुधवारी त्याच सरक्या मोजायच्या. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारं मूल सहा सरक्या मोजताना एकीला दोनदा बोट लावतं, कारण म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. ताई सहा-सहाच्या दोन ओळी मांडते, एक दाटीची आणि एक ऐसपैस. जास्त कुठे? बहुतेक मुलं लांब ओळ दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी असेच प्रयोग करून दाखवलं की हा हट्ट नसतो. त्या वयाला लांबी हीच संख्या वाटते. यावर समजावणं फारसं चालत नाही, हाताळणं चालतं. म्हणून दुपारच्या गरम आहाराची ताटं मुलांनाच मांडू द्यावीत. एका मुलापुढे एक ताट. ताट कमी पडलं की “एक कमी हाय” हे गणित मुलं स्वतः सोडवतात.

गुरुवारी पाण्याचं घमेलं. शेतातला कापूस आणि दुकानातला औषधी कापूस, दोन्ही पाण्यात टाकायचे. आधी अंदाज, मग टाकणं. शेतातला तरंगतो, कारण त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो; औषधी कापसाचा तो काढलेला असतो, म्हणून तो लगेच पाणी पितो. मेणाचं सांगायची घाई नको. अंदाज चुकल्यावर मोठे होणारे डोळे बघावेत.

शुक्रवार चित्रं, चिकटकाम आणि गाडीचा. कापसाच्या बाजारासाठी जलंब–खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा लोहमार्ग 1870 मध्ये सुरू झाला. दोन टोकांची स्टेशनं आणि मधे धावणारी गाडी, खेळाला याहून सोयीचं काय? एकमेकांचा सदरा धरायचा, डोक्यावर कापसाची गाठोडी.

शनिवारी नवं काही नाही. एखादी आजी येते, वाती वळते; मुलांच्या वाती जाड-बारीक होतात. तोवर ताई एकेकाला जवळ बोलावून बुधवारच्या दोन ओळी पुन्हा मांडते. ज्यानं या वेळीही लांब ओळ दाखवली, त्याला चूक म्हणायचं नाही. वहीत नाव, तारीख, त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि महिनाभराने चिंचोके घेऊन पुन्हा विचारायचं.