वाफेचे छोटे इंजिन सांध्यावर का घसरते?

प्रतिकृती-रेल्वेत गाडी घसरते ती बहुधा सांध्यावर, आणि त्यातही वाफेचे इंजिन आधी. डिझेल इंजिनाखाली वळत्या बोग्या असतात. वाफेच्या इंजिनाची तीन-चार जोड चाके मात्र एकाच ताठ चौकटीत बसवलेली असतात आणि त्यांच्यापुढे एक छोटी चाकजोडी, जिच्यावर वजन जवळपास नसतेच.

पुण्यात कोथरूडला 1998 साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातल्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे मूळ गाडीच्या 1/87 आहेत. त्यांच्या रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर. पण सगळेच 87 ने भागून चालत नाही. आपल्या ब्रॉडगेजवर चेक रेल (सांध्यावर चाकाला वाट दाखवणारा आतला जोडरूळ) आणि रूळ यांच्यातली फट 44 ते 48 मिलिमीटर असते. भागाकार केला तर अर्धा मिलिमीटर उरतो. प्रतिकृतीत ती एक-सव्वा मिलिमीटर ठेवावी लागते. चाकांच्या कडाही प्रमाणापेक्षा जाड असतात. ही सूट प्रत्येक कारखानदार आपापल्या अंदाजाने घेतो आणि तिथेच घोळ होतो.

म्हणून आधी व्हर्नियरने दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. एचओमध्ये ते साधारण साडेचौदा मिलिमीटर हवे. कमी भरले तर चाके चेक रेलच्या फटीत आवळली जाऊन वर चढतात. जास्त भरले तर कड क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ छेदतात तिथल्या, नाकावर आदळते. पुढची छोटी चाके आसावर हलके फिरवत सरकवता येतात. जोड चाकांना तसे करू नये: डाव्या-उजव्या चाकांचे दांडे एकमेकांशी 90 अंशांत बसवलेले असतात, ते ढळले की इंजिन अडखळू लागते.

प्रत्येक इंजिन एकाच सांध्यावर घसरत असेल तर खोट रुळात. एकच इंजिन सगळीकडे घसरत असेल तर इंजिनात. रुळाच्या जिभेच्या टोकावरून नख फिरवावे. नख अडले तर चाकही अडणार. टोक बारीक कानसीने घासावे. जीभ रुळाला पुरती टेकते का, खाली खडीचा दाणा अडकलाय का, हेही पाहावे. मग सांध्यावर पोलादी पट्टी ठेवून उंचवटा शोधावा, कारण एवढ्याशा फुगवट्यानेही पुढची चाके अधांतरी राहतात. त्यांच्यावर शिशाचा तुकडा किंवा मऊ स्प्रिंग बसवली की बरेचदा काम भागते. उलट-सुलट वळणारे दोन सांधे लागोपाठ असतील तर मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ टाकावा.

नॅरोगेजच्या प्रतिकृतीत मापे बदलतात. विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ रेल्वे 762 मिलिमीटरच्या नॅरोगेजवर धावायची. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले तिचे झेडडी इंजिन 1994 पर्यंत सेवेत होते. 762 ला 87 ने भागले की पावणेनऊ येतात, त्यामुळे तिच्या प्रतिकृतीला बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ चालतो. मात्र तिथे चाकांमधले अंतर साडेसात मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते आणि इंजिन हलके असल्याने पुढच्या चाकांवरचे वजन आणखी काळजीने बसवावे लागते.