जादूटोण्याचें भय

गोंदिया जिल्ह्यांतील नवेगाव बांधचा प्रदेश तलावांचा, अरण्याचा आणि हिंवतापाचा. अशा मुलखांत ज्या मांत्रिकाकडे उतारा मागावयाचा, त्याचेंच भय वाटतें; कारण जी विद्या रोग काढते ती रोग घालीलही, असा लोकांचा तर्क. हिंवतापाचे जंतू डासाच्या शरीरांत रोनाल्ड रॉसला १८९७ सालीं सांपडले; परंतु हें ज्ञान ज्या घरीं पोहोंचलें नाहीं, तेथें मूल दगावतांच अपराधी माणूस शोधला जातो. आळ बलवानावर क्वचितच, एकाकी विधवेवर मात्र सहज येतो. बहिष्कार हाच तिचा तुरुंग. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या कायद्यान्वयें करणीचा आळ घेऊन कोणाचें जिणें असह्य केल्यास ६ महिने ते ७ वर्षें कैद आहे. कायदा आळ घेणाऱ्यास आवरील; भय मात्र वेळेवर झालेल्या रक्ततपासणीनेंच ओसरेल.