कुणाच्या भरवशावर? माझी पहिली टँडम स्कायडायव्हिंग

(एपिसोडचं लेखी रूप. बोलीतली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आज मी तुम्हाला १३,००० फुटांवरून खाली आणणार आहे.

मी मूळचा ईटचा. धाराशिव जिल्हा, भूम तालुका. आमच्याकडे पोहायला शिकायची पद्धत एकदम साधी. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत उडी मारायची. माझ्या वयाची पोरं धडाधड उड्या मारायची आणि मी काठावर उभा राहून पाय चोळत बसायचो. शेवटी एक दिवस अप्पांनी मला पोटाशी धरलं आणि माझ्यासकट उडी घेतली. किंचाळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. वर आलो तेव्हा नाकात पाणी गेलेलं होतं आणि अप्पांचा हात दंडाला घट्ट होता.

गेल्या वर्षी थायलंडला फिरायला गेलो, तेव्हा पटायाजवळ टँडम जंप बुक केली. आदल्या रात्री घरी फोन लावला. आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून अप्पांना म्हटलं, "अप्पा, उद्या विमानातून उडी मारायचीय. पॅराशूट असतंय."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग एवढंच, "कुणाच्या भरवशावर रं?"

हा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आजचा एपिसोड म्हणजे त्याचं उत्तर आहे.

टँडम म्हणजे नेमकं काय?

टँडम म्हणजे जोडीनं उडी. तुमच्या अंगावर पट्ट्यांचा हार्नेस असतो, आणि तो खांद्यांपाशी दोन व कमरेपाशी दोन अशा चार ठिकाणी मागच्या प्रशिक्षकाच्या हार्नेसला अडकवलेला असतो. पॅराशूट त्याच्या पाठीवर. तुम्ही म्हणजे पुढे बांधलेलं सामान. रागावू नका, पण पहिल्या उडीत आपली लायकी तेवढीच असते!

ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांच्या कामातून उभी राहिली. त्याआधी नवख्याला दिवसभर शिकून एकट्यानं उडी मारावी लागायची. आता अर्ध्या तासाच्या सूचना पुरतात. विमानातून निघताना मान मागे टाकायची, पाय विमानाच्या पोटाखाली वळवायचे, शरीराला केळ्यासारखा बाक द्यायचा आणि उतरताना पाय वर उचलायचे. बस.

पोटात गोळा येतो का?

मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. उत्तर आहे, नाही. जत्रेतला पाळणा खाली येताना येतो तसा गोळा येत नाही. कारण विमान आधीच वेगानं पुढे जात असतं. तुम्ही बाहेर पडता तेव्हा तो पुढचा वेग तुमच्याकडे असतोच, आणि हळूहळू त्याची जागा खाली जाण्याचा वेग घेतो. हवा पहिल्या क्षणापासून अंगावर आदळत असते. पडतोय असं वाटतच नाही. प्रचंड वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं.

साधारण १०-१२ सेकंदांत हवेचा विरोध आणि तुमचं वजन यांची बरोबरी होते आणि वेग वाढायचा थांबतो. एकटा माणूस पालथा पडत असेल तर हा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. टँडममध्ये गंमत होते. वजन दुप्पट, पण एकावर एक असल्यामुळे हवेला अडणारं अंग जवळजवळ एकाच माणसाचं. मग वेग ताशी २९० पर्यंत जाऊ शकतो. त्या वेगात मोठं पॅराशूट उघडलं तर झटका भयानक बसेल. म्हणून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक एक छोटं पॅराशूट मागे सोडतो. त्याला ड्रोग म्हणतात. तो ब्रेकसारखा काम करतो आणि वेग पुन्हा २०० च्या आसपास आणतो.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आपण दोन कळसूबाई एकमेकांवर ठेवल्या तरी त्याच्या वरून उडी मारतो, आणि पॅराशूट उघडतं साधारण एका कळसूबाईच्या उंचीवर. मधलं अंतर पाऊण मिनिटात संपतं. वर थंडीही असते बरं का. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. खाली ३२ असेल तर वर ६. मी टी-शर्टवर गेलो होतो, दात वाजत होते.

भरवसा क्रमांक एक: यंत्रणा

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक प्रश्न सतत विचारतो: एखादी गोष्ट बंद पडली तर पुढे काय? स्कायडायव्हिंगची पिशवी याच प्रश्नावर बांधलेली आहे.

पहिलं, मुख्य पॅराशूट. ड्रोगच ते बाहेर ओढतो. दोऱ्यांवर एक चौकोनी कापड असतं, स्लायडर. ते हळूहळू खाली सरकतं, म्हणून पॅराशूट एकदम फाडकन न उघडता टप्प्याटप्प्यानं उघडतं.

दुसरं, राखीव पॅराशूट. मुख्य नीट उघडलं नाही तर ते आधी पूर्ण सोडून द्यावं लागतं, नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंततील. त्यासाठी खांद्यांवर तीन कड्यांची रचना असते. हीसुद्धा बिल बूथचीच. कड्या एकमेकींत अशा अडकवलेल्या असतात की मोठा भार कमी कमी होत शेवटी एका छोट्या दोरीच्या फासावर येतो. एक हँडल ओढलं की दोन जणांचं वजन पेलणारं पॅराशूट मोकळं होतं.

तिसरं, एक छोटा कॉम्प्युटर. प्रशिक्षक बेशुद्ध पडला तर? हे उपकरण हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण १,९०० फुटांवरही पडण्याचा वेग जास्तच असेल, तर ते स्वतःच राखीव पॅराशूट उघडतं. माणसाला विचारत नाही.

भरवसा क्रमांक दोन: माणूस

अमेरिकेतल्या नियमानुसार टँडम प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात. तिथल्या पॅराशूट असोसिएशनचा हिशोब पाच लाख टँडम उड्यांमागे एक मृत्यू असा आहे. पण हा अमेरिकेचा आकडा आहे, प्रत्येक देशाला तो लागू पडत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: प्रशिक्षकाचं रेटिंग कोणत्या संस्थेचं? राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासून घडी घातलं? विचारायला लाजू नका.

माझ्या वेळी पहिल्या दिवशी ढग आले. चार तास बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, "आज नाही" म्हणणारा माणूस हाच भरवशाचा.

पटायाचं नाव आपल्या मराठी माणसाला तसं नवीन नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये तिथेच नऊवारी नेसून उडी मारली होती. त्यांची आयुष्यातली पहिली उडी कुठे, माहितीय? १८ एप्रिल २००४, थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. आपण मात्र टँडमनंच सुरुवात करू या!

भरवसा क्रमांक तीन: आपण स्वतः

इथे मी नापास झालो.

उडीआधी एका कागदावर सही करावी लागते. मराठीत अर्थ एवढाच, की काही झालं तर जबाबदारी माझी. खाली एक रकाना होता: काही झाल्यास कुणाला कळवायचं? मी अप्पांचा नंबर लिहिला आणि हात थांबला. आदल्या रात्रीच प्रवास विम्याची पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली होती. साहसी खेळ वगळलेले. म्हणजे पाय मोडला असता तर परदेशातल्या दवाखान्याचं बिल आमच्या घरावर. बहिणीचं कॉलेज चालू, माझं शैक्षणिक कर्ज अजून अर्धं बाकी. तरी आगाऊ पैसे बुडतील म्हणून मी सही केली. सगळं नीट झालं, पण निर्णय चुकीचाच होता. तो तुम्ही करू नका.

निघण्याआधी एवढं करा:

- साहसी खेळ धरलेला प्रवास विमा भारतातूनच घ्या. टर्म इन्शुरन्स असेल तर त्यातल्या अटीही वाचा.
- वजन खरं सांगा. बहुतेक ठिकाणी १०० किलोच्या आसपास मर्यादा असते.
- सर्दी असेल तर पुढे ढकला. मी गेलो आणि दोन दिवस कान ठणकत होता.
- स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो.
- पाठीचं, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मग

दार उघडलं. पाय बाहेर लोंबत होते. मी मागे वळून काही विचारणार होतो, तेवढ्यात आम्ही बाहेर होतो. किंचाळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. अगदी विहिरीसारखं.

पॅराशूट उघडल्यावर एकदम शांतता. पाच-सहा मिनिटं खाली नुसती हिरवी शेतं. उतरल्यावर गवतावर बसूनच फोन लावला.

"अप्पा, उतरलो."

"हात-पाय धड हैत का?"

"हैत."

"मग आईला तूच सांग."

सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही. तेव्हा मंडळी, शेवटचा सल्ला: उडी मारण्याआधी घरी सांगा, पण विम्याचा कागद हातात घेऊन सांगा. म्हणजे "कुणाच्या भरवशावर" असं विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल.

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनं पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!