समुद्रातली हजेरी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सॅन हुआन बेटाजवळ काळे-पांढरे ऑर्का कळपाने फिरतात. दिसतात माशासारखे, पण आपल्या पिलांना दूध पाजतात.

1960 व 70 च्या दशकांत करमणुकीच्या तलावांसाठी त्यांची पिल्ले जाळी लावून पकडून नेली. ‘समुद्रात पुष्कळ आहेत’ असे सारे धरून चालले होते. 1976 साली संशोधक केन बाल्कम यांनी बोटीतून मोजणी सुरू केली. पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याचा फोटो काढायचा, क्रमांक द्यायचा, आई कोण ते लिहायचे. शाळेचा हजेरीपटच म्हणा ना! तेव्हा कळले, उरलेत जेमतेम सत्तरच्या आसपास.

2018 साली एका मादीने मेलेले पिल्लू 17 दिवस डोक्यावर तोलून फिरवले. ती ‘जे-35’, हे पटामुळेच ओळखता आले.

2005 साली अमेरिकी सरकारने त्यांना संकटग्रस्त ठरवले. तरी 2024 च्या गणनेत भरले 73 च. त्यांचे मुख्य अन्न चिनूक सामन मासा. तोच कमी झाला आहे. नुसत्या हजेरीने पोट भरत नाही. पण हजेरीच नसती, तर कोण गेले हे विचारणार कोण?