प्रचालक-दंडाचा जलरोधक, शिडाच्या नौकेतील

शिडाच्या नौकेतील साहाय्यक एंजिनाची शक्ती ज्या दंडामार्फत पाण्यातील प्रचालकाला मिळते, तो दंड जलपातळीखाली नौकेच्या तळातून बाहेर पडतो. दंड मोकळेपणाने फिरावा, पण त्याभोवतीच्या फटीतून पाणी आत येऊ नये, यासाठी बसविलेल्या साधनास प्रचालक-दंडाचा जलरोधक म्हणतात. वल्हीचाकांच्या आगबोटींत चाकांचा दंड जलपातळीच्या वर असे. ‘आर्किमिडीज’ (१८३८) व ‘ग्रेट ब्रिटन’ (१८४३) यांसारख्या जहाजांपासून मळसूत्री प्रचालकाचा प्रसार होऊ लागला, तसा हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. जलपातळीखाली अर्धा मीटर असलेल्या २५ मिमी. व्यासाच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला सु. ५५ लि. पाणी आत येऊ शकते, यावरून या लहानशा भागाचे महत्त्व ध्यानात येईल.

प्रकार : (१) भरण पेटी : हा सर्वांत जुना प्रकार होय. ब्राँझच्या पेटीत दंडाभोवती चरबी वा मेण लावलेल्या अळशीच्या तंतूंच्या दोरीची तीन-चार कडी बसवून ती नटाने दाबतात. हल्ली टेफ्लॉन किंवा ग्रॅफाइटयुक्त दोरीही वापरतात. लगतच्या कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत. दंड फिरत असताना मिनिटाला काही थेंब पाणी ठिबकू द्यावे लागते. तेच वंगणाचे व शीतनाचे काम करते. मिनिटाला दहा थेंब या हिशेबाने दिवसभरात पाऊण लिटरपेक्षा कमीच पाणी जमते. ठिबक पूर्ण थांबविण्यासाठी नट अतिशय आवळल्यास पेटी तापते व दंडावर चर पडतात.

(२) ओठयुक्त रबरी जलरोधक : यात रबराचे लवचिक ओठ दंडाला चिकटून राहतात. ठिबक नसते व जागा कमी लागते. मात्र दंड गुळगुळीत असावा लागतो. ओठ झिजल्यास ते बदलण्यासाठी बहुधा एंजिनाकडील जोड सोडवावा लागतो. काही रचनांत यासाठी जादा ओठ दंडावर आधीच ठेवलेला असतो.

(३) पृष्ठस्पर्शी जलरोधक : दंडाबरोबर फिरणारी अगंज पोलादाची चकती व स्थिर कार्बनाचे कडे यांचे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. घडीदार रबरी भाता कड्याला चकतीवर दाबून धरतो. दंडाची झीज होत नाही व थोडे कंपनही सहन होते. परंतु भाता फाटल्यास किंवा चकती दंडावर सरकल्यास पाणी एकदम आत येते.

निवड : शिडाच्या नौकेचे एंजिन दीर्घकाळ बंद असते आणि ते मऊ रबरी आधारांवर बसविलेले असल्याने दंड हलतो. म्हणून एंजिन व दंड एका रेषेत आहेत, याची खात्री जलरोधक निवडण्यापूर्वीच करावी लागते. रेषा चुकलेली असल्यास कोणताही प्रकार टिकत नाही. चर पडलेल्या दंडावर ओठयुक्त प्रकार बसवू नये. जेथे हात सहज पोहोचतो व दूरच्या बंदरांत सुटे भाग मिळण्याची शाश्वती नसते, तेथे भरण पेटी सोयीची. काळजीपूर्वक केल्यास तिची दोरी नौका पाण्यात असतानाही बदलता येते. तळ कोरडा ठेवणे महत्त्वाचे असल्यास इतर दोन प्रकारांचा विचार करतात.

देखभाल : ओठयुक्त व पृष्ठस्पर्शी जलरोधक कोरडे फिरल्यास तापून निकामी होतात, म्हणून नौका पाण्यात उतरविल्यावर त्यांत अडकलेली हवा दाबून बाहेर काढतात किंवा त्यासाठी जलपातळीच्या वर नेलेली वायुनळी जोडतात. रबरी नळी व भाता चांगले दिसले, तरी निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीनंतर बदलतात. नळीच्या दोन्ही टोकांना अगंज पोलादाचे दुहेरी पट्टे लावतात. दीर्घकाळ स्थिर पाण्यात राहिलेल्या अगंज पोलादी दंडावर, ऑक्सिजनाच्या अभावी, भरणाखाली खड्डे पडतात. त्यामुळे नौका वापरात नसतानाही दंडाची तपासणी आवश्यक ठरते.